शाळेतल्या मुलीला पाळीबद्दल काय शिकवायचं: आकृती नंतर, आधी पॅड बदलणं

मी बरीच वर्षं शाळांमध्ये मुलींशी पाळीबद्दल बोलायला जाते आणि गेल्या गेल्या एकच प्रश्न विचारते, शाळेत असताना पॅड कोण कोण बदलतं? दोन-तीन हात वर येतात, तेही अर्धवट. बाकीच्या एकमेकींकडे बघत बसतात. याच मुलींना गर्भाशयाची आकृती काढायला सांगा, अंडाशय, गर्भनलिका सगळं नावांसकट काढून देतील, पण सकाळी घरून लावलेलं पॅड थेट घरी परत गेल्यावरच काढायचं हा त्यांचा नियम. सात-आठ तास एकच पॅड. का, तर टॉयलेटची कडी लागत नाही, वापरलेलं टाकायला डबा नाही, मधल्या सुट्टीत रांग असते, आणि दप्तरातून पॅड काढताना कोणी बघितलं तर?

म्हणून माझं मत असं झालंय की माहिती कमी पडते हे खरंय पण त्याहून जास्त सराव कमी पडतो. हे लिहिलंय ते आई, बाबा, मावशी, शिक्षक, ज्यांच्या हाताशी ९ ते १५ वर्षांची मुलगी आहे त्या सगळ्यांसाठी.

कधी सांगायचं? पाळी यायच्या आधी. पहिली पाळी साधारण १२-१३ व्या वर्षी येते पण ९-१० ला येणाऱ्याही मुली असतात, त्यामुळे नवव्या वर्षी बोलायला सुरुवात करा. शरीर आधी सूचना देतंच. छातीत गाठीसारखं दुखरं लागायला सुरुवात झाली की तिथून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, आणि पाळीच्या काही महिने आधीपासून चड्डीवर पांढरट किंवा पारदर्शक चिकट स्राव दिसायला लागतो. हा दिसला की समजायचं आता दप्तरात पॅड ठेवायची वेळ आली. तो स्राव म्हणजे आजार नाही हे पण तिला तेव्हाच सांगून टाका, कितीतरी मुली महिनोन्महिने मनातल्या मनात घाबरून असतात.

एक गोष्ट हमखास राहून जाते ती म्हणजे रंग. आपण सांगतो "रक्त येईल" आणि मुलगी लालभडक रक्ताची वाट बघते. पहिल्या पाळीत खूपदा तपकिरी, काळपट, चिकट डाग पडतो, मग तिला वाटतं शी लागली असेल, ती लाजते, चड्डी लपवते आणि कोणाला बोलतच नाही. माझं स्वतःचं असंच झालं होतं, आणि ते पण शाळेत. मला कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं, दोन दिवस मी वहीचे कागद घडी करून वापरले. आज इतक्या वर्षांनीही ते दोन दिवस जसेच्या तसे आठवतात. म्हणून मी पहिलं वाक्य हेच सांगते: डाग तपकिरी असू शकतो, काळा असू शकतो, लाल असू शकतो, तिन्ही पाळीच.

आता सराव. कोरं पॅड आणि जुनी चड्डी घ्या आणि तिच्या हातात द्या, तुम्ही करून दाखवू नका, तिलाच करू द्या. पाकीट फोडायचं, मागचा कागद काढायचा, चिकट बाजू कापडाला लावायची, पंख असतील तर ते खालून दुमडून चिकटवायचे. आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय की सांगायची गरजच वाटत नाही, पण चिकट बाजू अंगाकडे लावून दिवसभर सोसलेल्या मुली मला भेटल्यात. मग ३०-४० मिली पाणी मोजून घ्या, म्हणजे साधारण दोन-तीन मोठे चमचे, त्यात थोडा रंग घाला आणि तिला सांगा अख्ख्या पाळीत मिळून सरासरी इतकंच रक्त जातं. त्यातलं थोडं पॅडवर ओतून दाखवा. बघताना खूप वाटतं पण जातं एवढंच, आणि "अंगातलं सगळं रक्त संपेल का" ही भीती एका मिनिटात निघून जाते. तेच भरलेलं पॅड मग गुंडाळून कसं टाकायचं ते पण तिथेच करून घ्या.

वापरायचं काय हे घरच्या सोयीवर ठरवा, अमुकच चांगलं असं मी सांगत नाही. डिस्पोजेबल पॅड शाळेसाठी सोपं, ४ ते ६ तासांनी बदलायचं, फ्लो कमी असला तरी. रक्त कमी आहे म्हणून ते दिवसभर ठेवायचं नाही कारण घाम आणि ओल तर असतेच, त्यानेच जांघेत रॅशेस येतात, खाज येते, वास येतो. सुगंधी पॅड शक्यतो नकोच, ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांना त्या सेंटने आग होते.

कापडाबद्दल जरा जास्त लिहिते कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. कापड घाण नसतं, ओलं राहिलेलं कापड घाण असतं. स्वच्छ, मऊ, सुती कापड किंवा शिवलेलं कापडी पॅड असेल, वेळेवर बदललं आणि नीट धुऊन वाळवलं तर काही वाईट नाही. धुताना आधी गार पाण्यात, गरम पाणी घातलं की रक्तातली प्रथिनं घट्ट होऊन डाग पक्का बसतो. गार पाण्यात रक्त निघून गेलं की साबण लावून चोळायचं, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचं, आणि उन्हात वाळवायचं. खरी गडबड इथेच होते, मुली कापड वाळत घालतात ते दुसऱ्या कपड्यांच्या खाली नाहीतर पलंगामागे, कोणाला दिसू नये म्हणून, तिथे ते धड वाळत नाही आणि तेच दमट कापड परत वापरलं जातं. घरातल्या मोठ्यांनी दोरीवर एक जागा ठरवून द्या, बाकी कपड्यांसारखीच, उन्हातली. ऊन नसेल तर वाऱ्यावर पूर्ण कोरडं होऊ द्या किंवा इस्त्री फिरवा. आणि कापड प्रत्येकीचं वेगळं, बहिणी-बहिणींत पण वाटून नाही घ्यायचं.

पिरियड पँटी, म्हणजे रक्त शोषून घेणाऱ्या चड्ड्या सुद्धा मिळतात, धुऊन परत वापरायच्या, कमी फ्लोच्या दिवशी छान, आणि ज्या मुलींना पॅड चिकटवणं जमत नाही किंवा रोज कोणाच्या तरी मदतीवर अवलंबून राहावं लागतं त्यांना तर फारच सोयीच्या. टॅम्पॉन, म्हणजे योनीमार्गात आत बसवायची कापसाची गुंडाळी, वापरणार असेल तर ४ ते ८ तास, त्याच्या पुढे नाही. यात टॉक्सिक शॉक सिंड्रोमचा, म्हणजे जिवाणूंचं विष अंगात पसरण्याचा धोका असतो, दुर्मिळ आहे पण जीवघेणा. १९८० मध्ये अमेरिकेत याचे शेकडो रुग्ण सापडले होते आणि खूप जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनशी त्याचा संबंध दिसला होता, म्हणून गरजेपेक्षा जास्त शोषणारा घ्यायचा नाही, आणि एकदम जोरात ताप, उलट्या, चक्कर, उन्हाने भाजल्यासारखं लाल अंग असं काही झालं तर टॅम्पॉन काढून लगेच हॉस्पिटल. मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे आत बसवून रक्त गोळा करणारा मऊ छोटा कप, शाळकरी मुली पण वापरू शकतात. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात गळण्याचं प्रमाण बाकीच्या साधनांइतकं किंवा कमी दिसलं आणि संसर्ग वाढल्याचं काही दिसलं नाही. पण सवय व्हायला दोन-तीन पाळ्या जातात, रिकामा करताना हात धुवायला पाणी लागतं आणि पाळी संपली की कप उकळून ठेवावा लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षात घाई करू नये असं मला वाटतं. मुलीला स्वतःला हवं असेल तरच.

आता शाळेचा दिवस. मुलीबरोबर बसून तिचं वेळापत्रक काढा आणि त्यात पॅड बदलायच्या वेळा आधीच टाकून ठेवा. घरून निघायच्या अगदी आधी नवीन पॅड, मग मधल्या सुट्टीत, मग घरी पोचल्यावर. जास्त फ्लोच्या दिवशी यात आणखी एक वेळ धरा. "लागलं तर बदल" असं सांगितलं की ती बदलत नाही, कारण लागलं हे कळेपर्यंत डाग पडलेला असतो. वेळ ठरलेली असली की ती गोष्ट दात घासण्यासारखी होते.

दप्तरात एक छोटं पाऊच कायमचं, पाळी असो नसो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी कधीही येते, पहिली आणि दुसरी यात दोन-तीन महिन्यांचं अंतर पण पडू शकतं, त्यामुळे तारखेवर भरवसा नाही. पाऊचमध्ये २-३ पॅड, एक चड्डी, जुन्या कागदाचे तुकडे, कागदी साबण किंवा छोटीशी वडी, आणि एक घट्ट बंद होणारी प्लास्टिक पिशवी, डागलेली चड्डी किंवा वापरलेलं कापडी पॅड घरी आणायला. पेन्सिलीच्या पाऊचसारखं दिसणारं घ्या, मुलींना हातात धरून वर्गाबाहेर जाताना ते बरं पडतं. लपवायला हवं असं नाही, पण १२ वर्षांच्या मुलीला सगळ्या वर्गाशी लढायला लावू नका, तिला आज पॅड बदलता आलं पाहिजे हे जास्त महत्त्वाचं.

बदलताना क्रम असा सांगा. आधी हात धुवायचे, हे सगळ्या विसरतात, नंतरचं लक्षात राहतं. मग जुनं पॅड काढून आतल्या बाजूला गुंडाळायचं, नव्या पॅडच्या वेष्टनात किंवा कागदात बांधायचं, पुढून मागे पुसायचं किंवा पाण्याने धुवायचं, मागून पुढे कधीच नाही कारण शीच्या जागेचे जंतू लघवीच्या जागेकडे येतात. कोरडं करायचं, नवीन लावायचं, जुनं डब्यात टाकायचं, कमोडमध्ये नाही, त्यातला जेल पाणी पिऊन फुगतो आणि पाइप तुंबतो. मग परत हात.

आणि काहीच जवळ नसताना पाळी आली तर? टॉयलेट पेपर किंवा स्वच्छ सुती रुमाल, जाडसर घडी करून चड्डीला गुंडाळून घ्यायचा आणि मैत्रिणीकडे किंवा बाईंकडे पॅड मागायचं. हे मागायचं वाक्य पण घरी एकदा मोठ्याने म्हणायला लावा, "बाई, मला पाळी आलीय, पॅड मिळेल का?" एवढंच. तोंडातून एकदा निघालं की पुढच्या वेळी अडत नाही. युनिफॉर्मला डाग पडला तर स्वेटर कमरेला बांधायचा, जमेल तेव्हा डाग कापडाच्या मागच्या बाजूने गार पाण्याने चोळायचा, आणि घरी आल्यावर कोणी रागवायचं नाही. शेवटचं तुमच्यासाठी आहे. डाग पडला म्हणून एकदा जरी ओरडा बसला ना, पुढच्या महिन्यात ती शाळा बुडवते.

मुली अजून एक करतात आणि ते घातक आहे, टॉयलेट नको म्हणून पाणीच पीत नाहीत. लघवी तुंबवून ठेवतात. त्याने लघवीचा संसर्ग होऊ शकतो, जळजळ, ताप, आणि डोकं दुखतं ते वेगळंच. बाटली घरी भरून नेली तशीच परत येते का बघा, त्यावरून मला खूप काही कळतं.

अंघोळ रोज करायची, केस धुवायचे असतील तर धुवायचे, खेळायचं असेल तर खेळायचं, पाळीत यातलं काही बंद करायचं कारण नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुतला तरी पुरे, साबण लावलाच तर सौम्य आणि फक्त बाहेरून. आत कधीच काही नाही, ना साबण, ना वॉश, ना बोटाने साफ करणं. योनीमार्ग स्वतःला स्वतः साफ ठेवतो, वयात येताना तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू वाढतात, ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे वाईट जंतू टिकत नाहीत, साबणाने आपण त्यांनाच घालवून बसतो. इंटिमेट वॉशच्या जाहिराती मुलींपर्यंत पोचल्यात, त्यांना स्पष्ट सांगा की गरज नाही. सुती चड्डी, रोज बदललेली, एवढं बास.

दुखण्याबद्दल. पहिल्या काही पाळ्या बिनदुखीच्या जातात आणि मग सहा महिने-वर्षभरात एकदम क्रॅम्प्स सुरू होतात, तेव्हा आई म्हणते आधी तर दुखत नव्हतं, आता नाटक करते. नाटक नसतं ते. सुरुवातीच्या पाळ्यांत खूपदा बीज सुटत नसतं, ते सुटायला लागलं की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन जास्त बनतं, त्याने गर्भाशयाचे स्नायू आवळतात, त्यानेच कधी मळमळ आणि पातळ शी पण होते. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवली, थोडं चाललं की बऱ्याच जणींना बरं वाटतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या हे रसायनच कमी करतात म्हणून त्या दुखणं फार वाढायच्या आधी घेतल्या तर जास्त उपयोग होतो, पण वयाप्रमाणे डोस एकदा डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा, रिकाम्या पोटी देऊ नका, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि १६ वर्षांखालच्या मुलीला ऍस्पिरिन देऊ नका, रेय सिंड्रोम नावाचा गंभीर आजार त्याने होऊ शकतो. गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल तर "लग्न झालं की थांबेल" असलं काही ऐकू नका, डॉक्टरांकडे न्या, एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, या वयातही असतो.

तारीख लिहायची सवय पहिल्या पाळीपासून लावा. वहीत, कॅलेंडरवर, कुठेही, सुरू झाली ती तारीख, संपली ती, दिवसाला किती पॅड. चक्र मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत, या वयात २१ ते ४५ दिवस चालतं आणि रक्तस्राव २ ते ७ दिवस. यावरून डॉक्टरकडे कधी जायचं ते आपोआप कळतं: पाळी ७ दिवसांच्या वर गेली, तासा-दोन तासाला पॅड भरतंय, मोठ्या नाण्याएवढ्या गाठी पडतायत, दोन पाळ्यांत ९० दिवसांच्या वर गॅप पडला, १५ वर्षं झाली तरी पहिली पाळी नाही, किंवा हिरवट-पिवळा घाण वासाचा स्राव आणि खाज. पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जात असेल आणि त्या मुलीला नाकातून रक्त येणं, लगेच काळंनिळं होणं असंही असेल तर ते आवर्जून सांगा, रक्त गोठण्याचा आजार असू शकतो आणि तो कितीदा पाळीमुळेच पहिल्यांदा सापडतो. मुलगी सारखी थकलेली, फिकट, जिना चढताना धापा टाकणारी दिसली तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

शाळेचं काय? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या संयुक्त कार्यक्रमाने २०१२ मध्ये मासिक पाळीची स्वच्छता म्हणजे काय हे ठरवलं होतं, त्याचा सोप्या भाषेत अर्थ असा की स्वच्छ साधन, ते गरज पडेल तितक्या वेळा आडोशाला बदलायची सोय, अंग धुवायला साबण-पाणी, आणि वापरलेलं टाकायची व्यवस्था. त्यांच्याच २०२४ च्या अहवालात जगातल्या फक्त ३९ टक्के शाळांत पाळीबद्दल शिकवतात, आणि मुलींच्या टॉयलेटमध्ये डबा असलेल्या शाळा ३१ टक्के. म्हणजे तीनातल्या दोन शाळांत मुलीने पॅड बदललं तरी टाकायचं कुठे?

म्हणून पालक सभेला जाल तेव्हा मार्कांचं झालं की मुलींच्या टॉयलेटमध्ये स्वतः जाऊन या. दार आतून बंद करून बघा. कडी लागते का, खालून-वरून दिसतं का, नळाला पाणी आत आहे की बाहेर, साबण आहे का, झाकणाचा डबा त्या दाराच्या आत आहे का, कारण बाहेर ठेवलेल्या डब्यात सगळ्यांसमोर कोणी पॅड टाकत नाही. डबा रोज कोण रिकामा करतं आणि त्यांना हातमोजे दिलेत का तेही विचारा. जाळायचं छोटं यंत्र बसवलंय म्हणून शाळा खूश असते पण पॅडमध्ये प्लास्टिक असतं, पुरेशा तापमानाला जळलं नाही तर विषारी धूर होतो, तेव्हा ते वर्गाच्या खिडकीशेजारी नको. शिक्षकांना एवढं सांगा की मुलीने तासाला टॉयलेटला जायची परवानगी मागितली तर कारण विचारायचं नाही. सरांना पण सांगा, आणि मुलग्यांना पण वर्गात बसवून शिकवा, बाहेर काढू नका, बाहेर काढलेला मुलगाच नंतर डागावरून चिडवतो.

या सगळ्यातलं आज एकच करायचं असेल तर पाऊच भरा, आणि आज रात्री तिला विचारा, शाळेत बदलतेस का ग? ती "हो" म्हणाली तरी कुठे, कधी आणि जुनं कुठे टाकतेस हे विचारा, खरं काय ते तिसऱ्या प्रश्नाला कळतं.